सांगणारा आणि साक्षीदार

बाळापूरच्या किल्ल्याविषयी एक वाक्य सध्या सर्वत्र आढळते. औरंगजेबाचा पुत्र मिर्झा आझमशाह याने १७२१ मध्ये या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला आणि अचलपूरचा नबाब इस्माईलखान याने ते १७५७ मध्ये पूर्णत्वास नेले, असा त्याचा आशय आहे. आंतरजालावरील पर्यटनविषयक पृष्ठांवर ते आहे, भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांत आहे आणि आता विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांतही ते जसेच्या तसे उतरू लागले आहे. वाक्य रेखीव आहे. दोन नावे, दोन सने, एक आरंभ आणि एक शेवट. अडचण एवढीच, की आझमशाह जून १७०७ मध्ये आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत आपला भाऊ मुअज्जम याच्याशी लढताना मारला गेला. म्हणजे या वाक्याप्रमाणे किल्ल्याचा पाया त्याने स्वतःच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी घातला.

यातील कोणता भाग खरा मानावयाचा, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. बांधकाम आझमशाहाने सुरू केले असेल तर ते १७०७ पूर्वीचे असले पाहिजे. १७२१ हे सन खरे असेल तर आरंभ करणारा दुसरा कोणी असला पाहिजे. १७२० च्या ऑगस्टमध्ये याच बाळापूरजवळ निजाम-उल्-मुल्काने आलमअलीखानाचा पराभव केला व दख्खनची सत्ता त्याच्या हाती आली, हे लक्षात घेता दुसरी शक्यताही अगदीच टाकाऊ नाही. परंतु प्रस्तुत निबंधाचा विषय किल्ला नव्हे. एवढी उघड विसंगती पोटात घेऊन हे वाक्य इतके दिवस, इतक्या ठिकाणी, इतक्या निर्धास्तपणे कसे वावरू शकले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वाचकाच्या विश्वास ठेवण्याच्या रीतीत शोधावे लागते.

पदव्युत्तर वर्गात या वाक्याविषयी विचारले असता उत्तर आले ते असे: सगळीकडे तेच दिले आहे. हे उत्तर आळसाचे आहे असे मला वाटत नाही. चार ठिकाणी तेच ऐकू आले तर ते खरे मानावे, हा व्यवहारातला जुना आणि बव्हंशी उपयोगी नियम आहे. बाजारातला भाव आपण असाच ठरवितो. मात्र हा नियम एका गृहीतावर उभा आहे: त्या चार जणांनी ते वेगवेगळ्या वाटांनी जाणले असले पाहिजे. एकाने लिहिलेले वाक्य चाळीस जणांनी उतरवून घेतले तर साक्षी चाळीस होत नाहीत, एकच राहते. पुनरुक्ती आणि पुष्टी यांतील हा भेद हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत प्राथमिक मानला जातो. एकाच मातृकेवरून उतरलेल्या दहा पोथ्यांचे वजन संपादक एका पोथीइतकेच धरतो. पडद्यावर मात्र ही वंशावळ दिसत नाही. तेथे प्रत्येक प्रत नव्याने, स्वच्छ अक्षरांत, मूळ असल्याच्या थाटात समोर येते.

विश्वासार्हतेचा विचार समीक्षाशास्त्राने प्रामुख्याने वक्त्याच्या अंगाने केला आहे. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाच्या विवेचनात वक्त्याच्या शीलाला प्रमाणाचे स्थान दिले, आणि हे शील भाषणातूनच उभे राहिले पाहिजे असे म्हटले. वेन बूथने १९६१ मधील आपल्या ग्रंथात गर्भित लेखक आणि अविश्वसनीय निवेदक या संकल्पना मांडल्या, त्याही याच वाटेवरच्या. अर्व्हिंग गॉफमनने १९५९ मध्ये दैनंदिन जीवनातील आत्मप्रदर्शनाची मीमांसा रंगभूमीच्या परिभाषेत केली. आंतरजालावरील व्यक्तिचित्रांविषयी लिहिणारे आज बहुधा त्याच्याच उसनवारीवर लिहितात. या सर्वांचा प्रश्न एकच: बोलणारा कोण आहे आणि तो स्वतःला कसा मांडतो?

न्यायदर्शनातील शब्दप्रमाणाची चर्चा येथे निराळी वाट दाखविते. ज्याच्या वचनास प्रमाण मानावयाचे तो ‘आप्त’. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताची जी ओळख दिली आहे तिच्यात विषयाचे प्रत्यक्ष ज्ञान आणि ते जसे जाणले तसे सांगण्याची इच्छा यांना महत्त्व आहे. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असे तो स्पष्टपणे नोंदवितो. म्हणजे वक्त्याची जात, पद, वेश, कीर्ती यांच्या अलीकडे एक प्रश्न उभा केला आहे: याला हे कसे कळले? मला वाटते, मराठीच्या वाङ्मयेतिहासात हा दुसरा प्रश्न जितक्या आग्रहाने एका ग्रंथाने विचारला तितका पुढे क्वचितच कोणी विचारला असेल. आणि तो ग्रंथ आमच्या वऱ्हाडातच, रिद्धपुरास सिद्ध झाला.

‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून अभ्यासक्रमात येतो आणि बहुधा तेवढ्यावरच संपतो. त्याच्या रचनेची हकीकत अधिक लक्ष देण्याजोगी आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांचा शिष्यपरिवार नागदेवाचार्यांसह रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सन्निध राहिला. तेथे म्हाइंभटांनी, इ. स. १२७८ च्या सुमारास, चक्रधरांच्या आठवणी एकत्र करण्याचे काम हाती घेतले. हे म्हाइंभट सराळ्याचे विद्वान. चक्रधरांकडे प्रथम आले ते पांडित्याच्या अभिमानाने, वाद करण्यासाठी. अशा माणसाने पुढे जे केले ते विद्येच्या गर्वाशी अगदी विसंगत आहे. ते विचारीत हिंडले. नागदेवाचार्यांना जे आठवत होते ते त्यांनी टिपून घेतले; जी लीळा ज्याच्या समोर घडली त्याच्याकडे, त्याच्या गावी जाऊन त्याच्या तोंडून ती ऐकली; आणि मिळालेला मजकूर पुन्हा नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतला.

या पद्धतीत दोन गोष्टी आहेत. पहिली, साक्षीची योग्यता सन्निधानावरून ठरते. प्रसंग घडला तेव्हा कोण जवळ होते, हे पाहिले जाते. त्यामुळे बाइसा, महदाइसा, आउसा यांसारख्या स्त्रियांच्या आठवणी संस्कृतज्ञ शिष्यांच्या आठवणींइतक्याच वजनाने ग्रंथात येतात. तेराव्या शतकातील समाजात स्त्रीच्या शब्दाला शास्त्रार्थात काय स्थान होते हे सांगावयास नको. येथे मात्र ‘ती तेथे होती’ एवढेच पुरेसे ठरते. महदाइसा तर नुसती साक्षीदार नाही, ती प्रश्न विचारणारी आहे, आणि तिच्या प्रश्नांमुळेच कित्येक लीळांना उत्तरे लाभली आहेत. दुसरी गोष्ट, साक्षीदार चुकू शकतो हे येथे गृहीत आहे. परमेश्वर मानलेल्या पुरुषाचे चरित्र लिहितानाही स्मरण हे माणसाचे आहे याचा विसर पडू दिलेला नाही.

हे दुसरे सूत्र पुढे फार मोठ्या कसोटीला लागले. अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना ती पाठ होती त्यांनी ती पुन्हा सांगितली. सांगणारे अनेक, त्यामुळे पाठही अनेक: हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ. एक अधिकृत पाठ ठरवून बाकीचे बुडवून टाकणे अशा वेळी सोपे असते, आणि धर्मसंप्रदायांनी जगभर बहुधा तेच केले आहे. महानुभावांनी पाठ सांगणाऱ्याच्या नावासह जपले. एका लीळेत अमुक गाव की तमुक, आधी हे घडले की ते, याविषयी मतभेद असेल तर तो नोंदवून ठेवला. अशा पाठभेदाला या परंपरेत ‘वासना’ असा शब्द आहे. ‘एक म्हणति’ हा लहानसा प्रयोग त्यांच्या गद्यात जागोजाग भेटतो. हे ‘एक म्हणति’ आणि आजचे ‘असे म्हणतात’ यांत व्याकरणाचे अंतर थोडे, पण आशयाचे फार आहे. ‘असे म्हणतात’ मध्ये म्हणणारा विरघळून जातो. ‘एक म्हणति’ मध्ये तो इतरांपासून वेगळा उभा राहतो आणि वाचकाला कळते, की दुसरे काही म्हणणारेही आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘लीळाचरित्र’ हा आधुनिक अर्थाने इतिहासग्रंथ नव्हे, आणि म्हाइंभट हे तटस्थ संशोधक नव्हेत. ते श्रद्धावंतांसाठी लिहिणारे श्रद्धावंत आहेत. चमत्काराविषयी ते साशंक नाहीत; चमत्कार कोणी पाहिला याविषयी मात्र काटेकोर आहेत. हा काटेकोरपणा श्रद्धेतूनच आला आहे, कारण देवाचा शब्द चुकीचा उतरणे हा दोष होय. केशिराजबासांनी चक्रधरांची वचने पुढे सूत्रपाठात वेगळी काढली, तीही याच भावनेने. तेव्हा विवेक आणि श्रद्धा यांचे जे सोपे द्वंद्व आपण वर्गात उभे करतो ते येथे चालत नाही. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी निरनिराळ्या प्रती हाताळून ज्या आवृत्त्या सिद्ध केल्या, त्यांच्या पाठभेदांच्या नोंदी म्हाइंभटांच्याच रीतीचा विस्तार वाटतात. कोलत्यांची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये काढली. आता रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेथे पाठचिकित्सेचे शिक्षण या दिशेने दिले जाईल अशी अपेक्षा करण्यास हरकत नसावी.

याच संप्रदायाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंद केले, ही गोष्ट वरील विवेचनाशी विसंगत वाटेल. परंतु लिपीने झाकले ते बाहेरच्यापासून. आत सांगणाऱ्याचे नाव कायमच राहिले. पोथी उघडता येणाऱ्यास ही आठवण कोणाची हे कळत होतेच. आजच्या संदेशवाहक उपयोजनांतही मजकूर कूटबद्ध असतो, आणि खासगी संवादाला त्याची आवश्यकता आहे. तेथे कूट उघडल्यावर पाठविणाऱ्याचे नाव दिसते. तो मजकूर प्रथम कोणी लिहिला, कशावरून लिहिला, याचा मागमूस नसतो.

बंद लिपीची किंमतही संप्रदायाने मोजली. काळी वस्त्रे, निराळा आचार आणि न वाचता येणारे ग्रंथ यांमुळे बाहेरच्या समाजाने त्यांच्याविषयी वाटेल ते ठरविले. ‘महानुभाव’चा ‘मानभाव’ झाला आणि ‘मानभावी’ हे विशेषण वरून गोड व आतून कपटी या अर्थाने मराठीत रूढ झाले. एका समूहाच्या बाह्यरूपावरून काढलेला निष्कर्ष भाषेने कोशात जाऊन बसविला. ज्यांच्या ग्रंथात प्रत्येक वाक्याचा साक्षीदार शोधला गेला त्यांच्याचविषयी कोणत्याही साक्षीवाचून हा शब्द चालत आला, आणि आजही वर्तमानपत्री लेखनात तो सहज वापरला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी लिप्यांचा उलगडा केला आणि यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ प्रसिद्ध केले, तेव्हा या निष्कर्षाला तपासण्याची साधने प्रथम सर्वांच्या हाती आली. शब्द मात्र हलला नाही.

‘बोलणारा कोण’ हा पहिला प्रश्न गौण आहे, असे मला म्हणावयाचे नाही. पानिपतनंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरणाऱ्या सुखनिधानाचे प्रकरण याची आठवण करून देण्यास पुरेसे आहे. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरील रामचंद्र नाईक परांजपे त्याला मिळाला, कोकणात फौज जमली, किल्ले हाती आले. पुण्यात चौकशी होऊन त्याला मृत्युदंड झाला, तरी त्याच्यावर विश्वास ठेवणारे संपले नाहीत. न. चिं. केळकरांनी १९१३ मध्ये त्यावर नाटक लिहिले. तोतयाला लोकांनी ओळखले ते चेहऱ्यावरून किंवा त्याने सांगितलेल्या खाणाखुणांवरून, असे आपण समजतो. भाऊ परत यावेत ही इच्छा त्याआधीची होती. ऐकणाऱ्याची इच्छा जेथे एवढी प्रबळ असते तेथे खाणाखुणा पुरविणे फार अवघड जात नाही.

मुद्रणाने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे येऊ लागली. सरकारी चाकरीतील गोपाळ हरी देशमुखांनी हे नाव घेतले ते केवळ लपण्यासाठी नव्हे. नावातच लेखकाची भूमिका होती. वाचकाला व्यक्ती ठाऊक नसली तरी आठवड्यामागून आठवडा तोच स्वर, तोच रोख, तीच भाषा भेटत गेल्याने त्या नावाची एक पत तयार झाली, आणि अपत्य झाल्यास जबाबदार धरावयास संपादक होता. वऱ्हाडचे उदाहरण कवी ‘बी’ यांचे. मलकापूरला १८७२ मध्ये जन्मलेल्या नारायण मुरलीधर गुप्ते यांनी एका अक्षराआड राहून कविता लिहिली. ‘फुलांची ओंजळ’ निघाली ती १९३४ मध्ये. हे कोण, याचे कुतूहल वाचकांना पुष्कळ होते, पण कवितेच्या खरेपणाला त्यावाचून बाध आला नाही. कवितेला साक्षीदार लागत नाही. वार्तेला लागतो. टोपणनावाविषयी आज जी सरसकट तक्रार होते ती हा भेद विसरते.

आंतरजालावरील व्यवस्थापकांनी आतापर्यंत योजलेले उपाय बहुतेक पहिल्या प्रश्नाभोवतीचे आहेत. ट्विटरवरील निळी खूण २००९ पासून एवढेच सांगत होती, की हे खाते ज्याचे म्हणून आहे त्याचेच आहे. वाचकांनी तिचा अर्थ ‘हा विश्वसनीय माणूस’ असा केला. नोव्हेंबर २०२२ पासून ती वर्गणी भरणाऱ्यास मिळू लागली आणि एप्रिल २०२३ मध्ये जुन्या खुणा काढून टाकण्यात आल्या, तेव्हा मोठा गोंधळ झाला. पण गोंधळ आधीपासूनच होता. खुणेने ओळख पटत होती, म्हणणे पटत नव्हते. आपण दोन्ही एकच धरून चाललो होतो.

या गल्लतीची सर्वांत भीषण किंमत महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिली. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे होते, भिक्षेवर जगणारे. मुले पळविणारी टोळी आली आहे असे संदेश त्या भागात आधीपासून फिरत होते. परमुलखात फिरणाऱ्या भिक्षेकऱ्याची पत पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या वेशावर, झोळीवर, बोलीवर उभी असते. गाव त्याला नावाने ओळखत नसले तरी त्याचा प्रकार ओळखत असते. संदेशाने ही पत एका दिवसात उलटी केली. परका असणे हाच पुरावा झाला. टोळी पाहिली कोणी, कोणाचे मूल गेले, कोणत्या गावी, हे विचारावयास कोणी थांबले नाही, कारण संदेश पाठविणारा ओळखीचा होता: मामा, शेजारी, वर्गमित्र. पाठविणाऱ्यावरचा विश्वास संदेशात उतरला. म्हाइंभटांनी जो निरोप्या आणि जो साक्षीदार यांना काळजीपूर्वक निरनिराळे ठेवले होते, ते येथे एकमेकांत मिसळून गेले.

त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशांवर तशी चिठ्ठी लावण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पाठविण्यास मर्यादा घातली. फार वेळा फिरलेल्या संदेशांना एप्रिल २०२० मध्ये ती एकावर आली. वेग कमी करणारे हे उपाय निरुपयोगी नव्हेत. परंतु ‘पुढे पाठविलेला’ ही चिठ्ठी, हा मजकूर माझा नाही, एवढेच म्हणते. कोणाचा, हे ती सांगत नाही. आणि गावोगावच्या वाचकाने तिचा जो अर्थ लावला तो मोठा मासलेवाईक आहे. ‘आले तसे पाठवले’ असे वाक्य लोक आता स्वतःच संदेशाखाली लिहितात. त्यात नम्रता असते, आणि जबाबदारीतून सुटकाही.

साक्षीदाराचे नाव मागणे किती कठीण असते, याचा अनुभव बाळापुरातच घेता येतो. मन नदीच्या काठी काळ्या दगडाची जी देखणी छत्री आहे ती मिर्झा राजे जयसिंगाची म्हणून ओळखली जाते. जयसिंग १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरास वारला, आणि तेथे तापीकाठीही त्याच्या नावाची छत्री दाखवितात. यात विरोध असलाच पाहिजे असे नाही. ‘छत्री’ म्हणजे मृताचे स्मारक, तसाच नदीकाठचा नुसता मंडपही. त्याने बांधली की त्याच्यासाठी बांधली, हे एका षष्ठी विभक्तीने झाकून टाकले आहे. ही छत्री विद्यार्थ्यांना अभ्यासास दिली, आणि वहीत मजकुरापुढे तीनच शब्दांपैकी एक लिहावयाचा असे ठरविले: पाहिले, ऐकले, वाचले. ‘ऐकले’ असल्यास कोणाकडून, ‘वाचले’ असल्यास कोठे. पहिल्या खेपेस बहुतेक वह्यांत ‘लोक सांगतात’ असेच आले. ते लोक कोण, हे विचारीत गेल्यावर बऱ्याच वाटा भ्रमणध्वनीपाशी येऊन थांबल्या. आजोबांनी सांगितले म्हणून लिहिलेली एक गोष्ट आजोबांना नातवाच्याच पडद्यावर मिळाली होती. एका वहीत मात्र जयसिंगाचे नावच नाही. आजीने लहानपणी, मोठ्या पुराच्या वेळी, छत्रीच्या जोत्याला पाणी लागलेले पाहिले, एवढी एकच नोंद आहे, आणि ते साल तिला आठवत नाही असेही त्या विद्यार्थिनीने खाली लिहून ठेवले आहे.